बाबा जिना सरसर चढतात, हॉलमध्ये मात्र पाय चिकटतात: पार्किन्सन्सबरोबर राहताना तुम्ही काय युक्त्या करता?

सायली_कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९.४०

बाबांना पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान होऊन चार वर्षं झाली. वय ७२. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, सगळा जन्म पान्हे आणि ग्रीस. गेल्या दिवाळीपर्यंत आई-बाबा सांगलीतल्या जुन्या घरात राहायचे. दोनदा पडले, म्हणून आम्ही त्यांना डोंबिवलीला आणलं.

मला न सुटलेलं कोडं असं. लिफ्ट बंद असली की बाबा दोन मजले जिना न थांबता चढून येतात. आणि घरात शिरल्यावर हॉलमधून बेडरूमच्या दाराशी गेले की पाय जमिनीला चिकटतात. टाचा उचललेल्या, अंग पुढे कललेलं, गुडघे थरथरतायत आणि पाऊल काही पडत नाही. सांगलीला असं क्वचितच व्हायचं.

आई म्हणते, "जिना चढता येतो, मग ही चार पावलं का टाकता येत नाहीत? सगळ्यांनी धावत यावं म्हणून करतात." काल जेवताना त्यावरून वाजलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा आवाजही आता खूप खोल गेलाय. ताट तसंच टाकून उठले. मला रात्रभर झोप लागली नाही.

डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत गोळ्यांचं बोलून होईपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असतो. दाराशी अडकण्याचं विचारायचं राहूनच जातं. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी कृपया सांगा, चालणं, चहा, बटणं, झोप, सही, या रोजच्या गोष्टी तुम्ही कशा निभावता?


पारिजात७ | रविवार, रात्री १०.०५

सायली, सगळ्यात आधी आईंना सांग की ते मुद्दाम करत नाहीत. हे मी तुला घसा फोडून सांगतेय, कारण पहिली दोन वर्षं मीसुद्धा सासूबाईंवर चिडायचे. देवघराच्या दाराशी यायच्या आणि खिळल्यासारख्या उभ्या राहायच्या. मला वाटायचं, नैवेद्याला उशीर झाला म्हणून राग धरलाय.

आमची युक्ती: मी माझं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवते आणि म्हणते, "आई, ओलांडा." की लगेच पाय उचलला जातो. एकदा पहिलं पाऊल पडलं की पुढची आपोआप येतात. मागून ढकलायचं नाही, हात धरून ओढायचं तर अजिबात नाही. ओढलं की वरचं अंग पुढे येतं, पाय तिथेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना आजीपुढे उभा राहून "सिग्नल हिरवा झाला!" असं ओरडायचा. त्यानेही पाय सुटायचा. आता तो दहावीत आहे, तरी आजी अडकली की घरात कुणीतरी "हिरवा!" म्हणतंच.


सुतारपक्षी | रविवार, रात्री १०.२०

वाचतोय. काकांना आहे. वाचनखूण साठवली.


चालता_बोलता | रविवार, रात्री ११.१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मेंदूच्या आजारांचे रुग्ण जास्त बघते. सायली, तुझं कोडं आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतं.

आपण चालताना 'आता डावा, आता उजवा' असा विचार करत नाही. ते काम मेंदूच्या आतल्या भागात आपसूक चालतं, आणि त्याला डोपामिन नावाचं रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात. म्हणजे पायांत ताकद असते, चालायचं कसं हेही माहीत असतं, फक्त आपोआप सुरू होणारं बटण दबत नाही. पण डोळ्यांसमोर ठरावीक अंतरावर काही ओलांडण्यासारखं आलं की मेंदू दुसरी वाट धरतो, बघून मुद्दाम हालचाल करण्याची. ती वाट बरीच शाबूत असते. जिन्याची प्रत्येक पायरी बाबांना सांगते, 'इथे पाय ठेव.' सपाट जमीन काहीच सांगत नाही. दारं, अरुंद जागा आणि वळणं या अडकण्याच्या ठरलेल्या जागा.

नेदरलँड्समधले न्यूरॉलॉजिस्ट बास्तियान ब्लूम यांनी २०१० मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती. त्या गृहस्थांना चार पावलंही धड टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवलं की ते सफाईने चालवत, वळवत. उतरले की पुन्हा पाय जमिनीला. तेव्हा आईंना सांग, तुझे बाबा एकटे नाहीत.

आता एक प्रश्न. सांगलीच्या घरात फरशी कुठली होती?


सायली_कृष्णाकाठ | रविवार, रात्री ११.२२

थांबा. सांगलीला शहाबादी. सांधे पांढऱ्या सिमेंटचे, लांबून दिसणारे. इथे हॉलभर मोठ्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स आहेत, सांधा शोधावा लागतो.

अंगावर काटा आला.


चालता_बोलता | रविवार, रात्री ११.३०

मग निम्मं उत्तर तूच दिलंस. बाबा इतकी वर्षं शहाबादीचे सांधे ओलांडत चालत होते, त्यांच्या स्वतःच्याही लक्षात न येता. बेडरूमच्या दारापाशी जमिनीवर रंगीत पट्ट्या लावून बघ. टाइल पांढरी आहे, तर पट्टी गडद हवी. आणि चकाकीचं काहीतरी कर, त्या टाइलवर ऊन पडलं की पाणी सांडल्यासारखं दिसतं आणि पाय आणखी बिचकतो.


मुळामुठा | सोमवार, सकाळी ७.५०

यावरून आठवलं. मिलेहा सोनेजी म्हणून पुण्याच्या एक डिझायनर आहेत. त्यांच्या काकांना पार्किन्सन्स होता आणि तेही असेच जिना सहज चढायचे. त्यांनी जिन्याचं असं चित्र तयार केलं की सपाट जमिनीवर अंथरलं तरी पायऱ्या असल्याचा भास होतो. त्यावरून काका न अडकता चालले. कंप असणाऱ्यांसाठी त्यांनी वरचा काठ आत वळलेला कपही केला, हात हलला तरी चहा आतच राहतो. काकांकडे नुसतं बघत बसून, त्यांना काय जमतंय ते हेरून केलेलं काम आहे. आपण सगळे काय जमत नाही तेच मोजत बसतो.


अण्णा_वाचनालय | सोमवार, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. मी स्वतः रुग्ण आहे, वय ६८, आजार नऊ वर्षांचा. हे बोलून लिहितो आहे, मोबाईल ऐकून टाइप करतो आणि नात चुका सुधारून देते. म्हणून जरा लांबेल.

सायलीताई, तुमच्या वडिलांना आतून काय वाटतं ते सांगू का? पाय अडकतो तेव्हा मला तो माझाच पाय वाटतो, बधिर वगैरे काही नसतो. मी त्याला म्हणतो 'चल', आणि तो ऐकत नाही. त्याच क्षणी घरातले चौघे म्हणतात, "चला ना, उचला ना, काय झालं?" प्रत्येक आवाजाबरोबर मी आणखी घट्ट चिकटतो. घाई हा या आजाराचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. फोन वाजला, दाराची बेल वाजली, लिफ्टचं दार बंद होऊ लागलं, की अडकलोच.

माझी पद्धत अशी. अडकलो की आधी प्रयत्न सोडून देतो. पूर्ण थांबतो. टाचा जमिनीला टेकवतो, एक श्वास घेतो, वजन डावीकडे-उजवीकडे झुलवतो, देवळात आरतीला माणसं डोलतात तसं. मग मोजतो, एक, दोन, आणि तीनला मोठं पाऊल. वळायचं असेल तर जागच्या जागी गिरकी घेत नाही, बैलगाडी वळते तसा मोठा फेरा घेतो. चालताना बोलत नाही. कुणी बोलायला आलं तर उभा राहतो, बोलून घेतो, मग चालतो.

रात्रीचं सांगतो, त्याबद्दल कुणी विचारत नाही. कुशीवर वळणं हे माझं दिवसातलं सगळ्यात अवघड काम आहे. गोधडी आणि सुती चादर अंगाला धरून ठेवतात. आमच्या हिने तिची एक जुनी रेशमी साडी गादीवर कमरेच्या भागात आडवी टाकली आणि टोकं घट्ट खोचली. आता गुडघे वर घेतो, दोन्ही एका बाजूला पाडतो आणि सरकन वळतो. पायाशी मात्र साडी नको, तिथे टाचेला जोर मिळायला सुती चादरच हवी. आणि उठून बसण्यासाठी पलंगाच्या पायथ्याला नऊवारीचा पट्टा बांधला आहे, त्याला हातभर अंतरावर गाठी. एकेक गाठ पकडत वर येतो.

आणखी एक विनंती, सगळ्या घरच्यांना. वेळ लागला तरी आमचं आम्हाला करू द्या. आमची वाक्यंही तुम्ही पूर्ण करू नका. शब्द येतो, उशिरा येतो. आणि चेहऱ्यावरून आमचा अंदाज बांधू नका. चेहऱ्याचे स्नायू आखडतात म्हणून आम्ही रागावल्यासारखे दिसतो. माझ्या नातीचा नाचाचा कार्यक्रम मी पहिल्या रांगेत बसून पाहिला, मनातून मी उड्या मारत होतो. घरी येऊन तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला आवडला नाही का?" तेव्हापासून मी तोंडाने सांगतो. "मला फार आनंद झाला आहे", असं शब्दांत. तुमचे वडील ताट टाकून उठले ते रागाने नसेलही. घास गिळायला वेळ लागत असेल आणि भांडणात ते जमत नसेल.


पारिजात७ | सोमवार, सकाळी ११.४०

अण्णा, डोळ्यांत पाणी आलं. चेहऱ्याचं तुम्ही म्हणालात ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या हळूच म्हणाल्या, "हेच. हेच सांगायचं होतं."


कडक_निस्त्री | सोमवार, दुपारी १.०५

अण्णांचा पूर्ण आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. 'त्यांचं त्यांना करू द्या' हे ऐकायला छान वाटतं. माझे वडील स्वतः अंघोळ करण्याच्या हट्टापायी बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर अंथरुणाला खिळले. आम्ही सगळं आधीच हातात घेतलं असतं तर ते चालते-फिरते राहिले असते. वेळ आहे तोवर काळजी घ्या. मोठं पाऊल, युक्त्या हे ठीक आहे, पण एकटं सोडू नका.


अण्णा_वाचनालय | सोमवार, दुपारी ३.३०

निस्त्रीसाहेब, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. बाथरूमच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी स्टुलावर बसून अंघोळ करतो, भिंतीला दोन दांड्या बसवल्या आहेत, कडी लावत नाही आणि मुलगा बाहेर असतो. पण शर्टाची बटणं मला लावू द्यावीत, भले वीस मिनिटं लागोत. ज्या दिवशी ती कुणी लावून देतं त्या दिवशी मी दिवसभर आजारी असतो.


चालता_बोलता | सोमवार, दुपारी ४.००

दोघांचंही बरोबर आहे, जागा वेगळ्या आहेत. जिथे पडायची भीती आहे तिथे आधार द्या, जिथे फक्त वेळ लागतो तिथे वेळ द्या. बटणांसाठी: वरून बटणं तशीच शिवलेली आणि आतून वेलक्रो, टेलर सहज करून देतो. लेंग्याच्या नाडीऐवजी इलॅस्टिक. चपलेऐवजी मागून बंद असलेली पादत्राणं, सपाता तर घरातून हद्दपारच करा.

आणि पहाटे पडण्याचं एक वेगळं कारण असतं. झोपेतून एकदम उभं राहिलं की रक्तदाब झपकन उतरतो. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, घोट-दोन घोट पाणी, घोटे वर-खाली हलवायचे, मग उठायचं.


वरणभात | सोमवार, रात्री ८.१५

जेवणाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. आईचा हात कापतो, पण तो नुसता मांडीवर असताना जास्त कापतो. वस्तू पकडली की कमी होतो. पाहुणे मांडीवरच्या हाताकडे टक लावून बघतात, मग आणखी वाढतो. म्हणून आई पाहुणे आले की हातात जपमाळ घेते.

ताटाखाली ओला पंचा घालते, ताट सरकत नाही. वरण वाटीत न देता भातावरच. स्टीलचा चमचा जड, जाड मुठीचा, आणि कोपर टेबलाला टेकवलेलं. चहा उंच फुलपात्रात, अर्धाच. संपला की पुन्हा अर्धा. तिला "सांडशील" म्हणायचं नाही हा घरातला नियम आहे, कारण म्हटलं की सांडतोच.

मोठा शोध मात्र गोळीचा होता. दुपारची गोळी "लागत"च नव्हती. सकाळची लागायची, संध्याकाळची लागायची, दुपारी आई चार वाजेपर्यंत लाकडासारखी. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? आम्ही द्यायचो जेवण झाल्यावर, वर ताक. लेव्होडोपा, म्हणजे आईची ती पार्किन्सन्सची गोळी, आणि प्रथिनं आतड्यातून एकाच दाराने आत जातात, वरण-दही-ताक पुढे घुसलं की गोळी रांगेत मागे राहते. आता जेवणाआधी पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर. पहिल्याच आठवड्यात फरक. उसळ, पनीर वगैरे रात्रीच्या जेवणात. प्रथिनं बंद करायची नाहीत हां, फक्त वेळा बदलायच्या, आणि तेही डॉक्टरांशी बोलून.

एकादशीला आई दुपारी टुणटुणीत का असते, हे त्या दिवशी कळलं. आम्ही ते विठोबाच्या खात्यावर जमा करत होतो. आई म्हणाली, विठोबानेच डॉक्टरांना सुचवलं.


गोदाकाठचा_केमिस्ट | सोमवार, रात्री १०.३०

वरणभात ताईंचं अगदी बरोबर. लोहाची गोळीही त्याच वेळी नको, तिच्यामुळेही लेव्होडोपा कमी शोषली जाते.

माझं नाशकात औषधाचं दुकान आहे. एक गोष्ट कळकळीने सांगतो, आणि ही प्रत्येकाने घरात फ्रिजवर लिहून चिकटवा. चक्कर, उलटी, अ‍ॅसिडिटी यांवरची काही अगदी नेहमीची औषधं डोपामिनचाच रस्ता अडवतात. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, आणि अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये मिसळून येणारं लेव्होसल्पिराइड. पार्किन्सन्सच्या रुग्णाला ही दिली की आजार अचानक बळावल्यासारखा दिसतो. इतकंच काय, आजार नसलेल्या माणसालाही महिनोन् महिने घेऊन हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात आणि औषध बंद केल्यावर बहुतेकांची ओसरतात. आमच्या दुकानात लोक जुनी चिठ्ठी घेऊन येतात, "ती पोटाची कॅप्सूल द्या, दोन वर्षं चालू आहे." मी आधी विचारतो, हात कापतो का, चाल मंदावली का.

दुसरं, पार्किन्सन्सच्या गोळ्या एकदम बंद करू नका. गावाला गेलो, गोळ्या संपल्या, चार दिवसांनी बघू, असं चालत नाही, जिवावर बेतू शकतं. आणि रुग्ण दुसऱ्या कशासाठी दवाखान्यात भरती झाला तर गोळ्यांच्या वेळा नर्सबाईंना लिहून द्या. वॉर्डातल्या आठ-दोन-आठ या वेळा या आजाराला लागू पडत नाहीत.


रानमेवा_भोर | मंगळवार, सकाळी ६.४५

आयुर्वेदात कंपवात हजारो वर्षांपासून सांगितला आहे. खाजकुहिलीच्या बिया शुद्ध करून, दुधात उकडून चूर्ण घेतात. आमच्या आजोबांना वैद्यांनी तेच दिलं होतं आणि फरक होता. सगळे गोळ्यांच्या मागे का धावतात?


गोदाकाठचा_केमिस्ट | मंगळवार, सकाळी ९.२०

रानमेवा, तुमच्या आजोबांना फरक पडला असेल यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण खाजकुहिलीच्या बियांमध्ये लेव्होडोपाच असतो. तोच रेणू. अडचण तिथेच आहे. चूर्णाच्या प्रत्येक पुडीत तो किती आहे याचा भरवसा नाही, आणि गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर डोस वाढतो. मग अंग वेडंवाकडं हलायला लागतं, मळमळ होते, भास होतात. घ्यायचंच असेल तर न्यूरॉलॉजिस्ट आणि वैद्य दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी दाखवा. लपवून काही घेऊ नका.


रानमेवा_भोर | मंगळवार, सकाळी १०.००

तोच रेणू असतो हे माहीत नव्हतं. आमच्या काकूंना चूर्ण आणि गोळी दोन्ही चालू आहे. आजच फोन करतो.


निळी_शाई | मंगळवार, दुपारी १२.३०

सहीचं मी सांगते. बाबा मराठीचे मास्तर, अक्षर फळ्यावर कोरल्यासारखं. आजार कळायच्या आधी दोन वर्षं त्यांचं अक्षर ओळीगणिक लहान होत गेलं. सुरुवातीचा शब्द ठीक, शेवटचा मुंगीएवढा. आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. त्याच काळात त्यांना हिंगाच्या फोडणीचा वास येईनासा झाला होता, तेही आम्ही सर्दीवर ढकललं. आता वाटतं, कुणीतरी तेव्हा हे सांगायला हवं होतं.

लिहिण्यासाठी युक्ती: बालवाडीची दुरेघी वही. दोन रेघांमध्ये अक्षर भरायचं म्हटलं की अक्षर पुन्हा मोठं होतं. रोज पाच ओळी लिहितात आणि मला मार्क द्यायला लावतात.

एका बँकेने मात्र रडवलं. सही जुळत नाही म्हणून धनादेश परत, दोनदा. काउंटरवरच्या व्यक्तीने बाबांच्या तोंडावर म्हटलं, "आजोबा, नीट करा ना सही." बाबांनी पुन्हा केली, आणखी लहान आली. त्या दिवशी ते रिक्षात बाहेरच्या बाजूला तोंड करून बसले होते. नंतर कळलं की आजारी, वृद्ध खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे: दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. घाबरू नका, नियम सांगा. आम्ही खातं संयुक्त केलं आणि नवी सही नोंदवली.

हयातीच्या दाखल्यासाठीही बोटाचा ठसा घेताना हात हलतो. आता जीवन प्रमाण मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं, नोव्हेंबरमध्ये रांगेत उभं करू नका. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. सरकारी रुग्णालयात तपासून त्याचं प्रमाणपत्र मिळतं. बरेच लोक संकोचाने काढत नाहीत.


नाव_नको | मंगळवार, रात्री ११.५०

या धाग्यासाठी नवीन आयडी घेतला आहे. एक गोष्ट कुठेच बोलता आली नाही.

माझ्या नवऱ्याला ५१ व्या वर्षी निदान झालं. लेव्होडोपाच्या आधी दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या दिल्या, डोपामिनची नक्कल करणाऱ्या. चाल सुधारली. आठ महिन्यांनी लक्षात आलं की तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर पैसे लावून रमी खेळतो. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेला माणूस. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्यातले पैसे गेले. मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याच्या आईने मला बोल लावले.

हा त्या गोळीचा ठाऊक असलेला परिणाम आहे. जुगार, खरेदी, खाणं, शरीरसंबंधाची ओढ, यांतलं काहीही ताब्याबाहेर जाऊ शकतं. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवून गोळी बदलली आणि दीड महिन्यात ती ओढ गेली, जशी आली तशी. तो अजूनही रात्री उठून मला सॉरी म्हणतो. ही गोळी सुरू केली असेल तर घरातल्या एकाला तरी हे माहीत असू द्या आणि लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. स्वतःहून मात्र गोळी तोडू नका.


अण्णा_वाचनालय | बुधवार, सकाळी ७.३०

ताई, तुम्ही हे लिहिलंत, फार मोठं काम केलंत. तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. मला भास व्हायचे, खिडकीत दोन लहान मुलं बसलेली दिसायची. सहा महिने मी कुणाला सांगितलं नाही, वेड लागलं म्हणतील म्हणून. शेवटी सांगितलं, एक गोळी कमी झाली, मुलं गेली.


मांडवीतीर | बुधवार, सकाळी १०.१५

आम्ही पणजीला असतो. आईचा आवाज इतका खोल गेला की फोनवर भाऊ म्हणायचा, "कुणी बोलतच नाही." तिला मात्र वाटायचं ती नेहमीसारखीच बोलते, आम्हीच बहिरे झालोय. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, तुम्हाला ओरडल्यासारखं वाटेल एवढ्या जोरात बोला, ते आम्हाला नेहमीचं ऐकू येईल. तेव्हापासून रोज सकाळी गॅलरीत उभी राहून आई खड्या आवाजात अभंग म्हणते. बोलताना पुटपुटणारी आई गाताना खणखणीत! शेजारच्या मावशी आता साथीला येतात.


पारिजात७ | बुधवार, सकाळी १०.४०

तालाचं अगदी खरं. सासूबाई माहेरच्या वारकरी. अडकल्या की मी टाळ्यांचा ठेका धरते, 'ज्ञानोबा माउली तुकाराम'. पाऊल ठेक्यात पडतं. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतात, त्यामागेही हेच आहे. पुण्यातल्यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला एकदा तरी जाऊन या. सासूबाई तिथून पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "सगळेच हळू चालत होते, मला कुणी वाट करून दिली नाही." केवढ्या खूश होत्या.


सुतारपक्षी | बुधवार, दुपारी २.००

एक प्रश्न, थोडा अवांतर. चुलतबहिणीचं लग्न ठरतंय. आनुवंशिक आहे का हे समोरचे विचारतात. काका म्हणतात, आजार सांगूच नका.


चालता_बोलता | बुधवार, दुपारी २.४५

बहुतेक रुग्णांमध्ये तो थेट वारशाने येत नाही. काही थोड्या घराण्यांत जनुकाचा संबंध सापडतो, विशेषतः अगदी तरुण वयात सुरू झाला तर. काकांचं वय साठीपुढे असेल आणि घरात आणखी कुणाला नसेल तर न्यूरॉलॉजिस्टांकडून हेच ऐकायला मिळेल, समोरच्यांनाही त्यांच्याशी बोलू द्या. लपवू नका असं मला वाटतं. काकांना लग्नात खुर्चीमागे हात दडवून बसावं लागेल, आणि ताण आला की कंप वाढतोच.


सायली_कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ६.२०

सगळ्यांचे आभार कसे मानू. आठवडाभर रोज रात्री हा धागा मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. अण्णांचा पहिला प्रतिसाद ऐकून ती उठून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि बाबांना म्हणाली, "चहा ठेवते, अर्धा अर्धा देते." बाबांनी मान हलवली. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

पोटाच्या कॅप्सूलचा डबा बघितला. लेव्होसल्पिराइड निघालं! गेलं वर्षभर चालू होतं, दुसऱ्याच डॉक्टरांनी दिलेलं. न्यूरॉलॉजिस्टना फोन केला, त्यांनी ते थांबवून दुसरं दिलं. फरक कळायला वेळ लागेल म्हणाले. केमिस्टदादा, तुमचे उपकार आहेत.

आणि पट्ट्या. काल मी काळा टेप आणला आणि अंदाजाने लावायला बसले. बाबा सोफ्यावरून बघत होते. दोन पट्ट्या झाल्यावर म्हणाले, "काढ." मला वाटलं त्यांना आवडलं नाही. त्यांनी माळ्यावरची त्यांची पेटी काढायला लावली. त्यातून मोजपट्टी आणि खडू काढला. मला जिन्यात नेलं, दोन पायऱ्या चढले, उतरले, पावलांमधलं अंतर मला मोजायला लावलं. मग घरात येऊन जमिनीवर बसले आणि स्वतः खुणा केल्या. सगळ्या सारख्या अंतरावर, प्रत्येक खूण गुण्यात, म्हणजे अगदी काटकोनात. खडू धरलेला हात अजिबात कापत नव्हता. दाराच्या अलीकडे तीन, बरोबर चौकटीत एक, पलीकडे दोन. टेप मी चिकटवला.

काल रात्रीपासून दारात नऊ वेळा गेले-आले. एकदाच अडकले, तेही मी मध्येच फोन आला म्हणून हाक मारली तेव्हा.


कडक_निस्त्री | रविवार, संध्याकाळी ६.४५

वा! बाबांना माझा सलाम. टेप कुठला घेतलात? टाइलवर डिंक राहत नाही ना?


सायली_कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ७.१०

इलेक्ट्रिकचा साधा काळा टेप, दोन पदरी रुंद. कडा उचलल्या तर पाय अडकेल म्हणून बाबा रोज सकाळी अंगठ्याने दाबून बघतात. डिंक राहिला तर रॉकेल लावून निघतो म्हणाले. आता बाथरूमसमोरचं मोजमाप चालू आहे, मला खडू धरायला बोलावतायत. येते.